कोंबडीच्या पोटाखाली बदकाची अंडी



या आठवड्यात उन्हाळी धानाच्या रोवणीवर लिहायचे ठरवले होते. पण टपालात एका भगिनीचे पत्र आले आणि बेत बदलला. रोवणीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, या पत्राला उत्तर देणारे थोडे. पत्र धानपट्ट्यातले आहे. त्या लिहितात, "भाऊ पाहुणा आला होता. त्याने त्याच्या गावाहून बदकाची दहा अंडी आणून दिली. घरची एक कोंबडी खुडूक झाली आहे. तिच्याखाली ही अंडी ठेवली तर पिल्ले निघतील का? निघाली तर जगवायची कशी? आमच्या घरात आजवर बदक कोणी पाळलेले नाही. सासूबाई म्हणतात, कोंबडीसारखेच सगळे, त्यात साहेबांना काय विचारायचे?"

सासूबाईंचे अर्धे बरोबर आहे. अंडी उबवायला कोंबडी चालते, किंबहुना तीच लागते. खाकी कॅम्पबेल जातीचे बदक अंडी भरपूर देते, पण अंड्यावर बसण्याची आवड त्याला जवळजवळ नाही. म्हणून पिल्ले हवी असतील तर खुडूक कोंबडी किंवा उबवणी यंत्र, एवढेच मार्ग. दहा अंड्यांसाठी यंत्र घ्यायचे कारण नाही. तुमची कोंबडी घरचेच यंत्र आहे.

मात्र अर्धे बरोबर नाही, आणि त्या अर्ध्यात पिल्ले मरतात. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या एका चुकीतून सांगतो. ती चूक कधी छापायला दिली नव्हती, पण या पत्राला उत्तर देताना ती लपवणे बरे नाही.

साल १९९९, पावसाळ्याचे दिवस. मी नोकरीत नवा होतो. धानावरच्या खोडकिडीवर तासभर बोलू शकत होतो. बदकाबद्दल शिकलो होतो ते कॉलेजातल्या एखाद्या तासापुरते. एका गावात बांधीची पाहणी करून परतताना एका आजींनी हाक मारली. अंगणात डालग्याखाली कोंबडी आणि तिच्याभोवती नऊ पिवळी पिल्ले. आजींनी कोंबडीखाली बदकाची अंडी बसवली होती. पिल्ले सहा दिवसांची झाली होती. नातवाला पुढल्या वर्षी तालुक्याच्या शाळेत घालायचे होते. अंडी विकून त्याच्या वह्या-पुस्तकांचे भागेल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी विचारले, "साहेब, पिल्लायले बोडीवर नेऊ का जी?"

मी हसलो. म्हटले, "आजी, बदकाला पोहायला शिकवावे लागते का? पाण्याचाच जीव तो. खुशाल सोडा."

बोडी म्हणजे आमच्याकडचे शेतातले छोटे तळे. आजींनी दुपारी पिल्ले सोडली. ती सरळ पाण्यात शिरली, आणि कोंबडी काठाने ओरडत धावत राहिली. तिसऱ्या प्रहरी पाऊस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच रस्त्याने गेलो, तर आजींनी सुपात सात पिल्ले ओळीने ठेवलेली होती. ताठ झालेली. दोन तेवढी कोंबडीच्या पंखाखाली जिवंत होती. आजी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, तुमच्या पुस्तकात पिल्लाचं वय नव्हतं का जी लिवलं?"

मी गेलो पशुवैद्यकीय दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांना सगळे सांगितले. त्यांनी समजावले ते असे. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. मोठे बदक चोचीने ते तेल पिसांना लावते, म्हणून त्याचे अंग भिजत नाही. लहान पिल्लाच्या अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते, आणि त्याची ग्रंथीही पुरती कामाला लागलेली नसते. बदकीच्या पोटाखाली वाढणाऱ्या पिल्लाच्या लवेला आईच्या अंगाचे तेल लागते, म्हणून ते लवकर पोहले तरी निभावते. कोंबडीच्या अंगावर तसले तेल नाही. तिच्याखाली निघालेले पिल्लू पाण्यात गेले की लव भिजते, अंग गार पडते, काठ चढायचे बळ राहत नाही. बदकाचे पिल्लू बुडून मरते हे ऐकून लोक हसतात, पण तसे होते.

तेव्हापासून मी बदकाबद्दल जो कोणी विचारेल त्याला पाण्यापासून सुरुवात करून सांगतो. अंड्यांना पाणी, पिण्याचे पाणी आणि पोहण्याचे पाणी, तिन्हींची वेळ वेगळी आहे. कोंबडीला त्यातले एकही ठाऊक नाही. ते तुम्हांला ठाऊक असावे लागते.

आता पत्रातल्या भगिनींच्या दहा अंड्यांकडे येऊ.

पहिले भावाला फोन करून तीन गोष्टी विचारा. त्या कळपात नर होता का? सहा-सात माद्यांमागे एक नर असला म्हणजे अंडी फळतात. नर नसेल तर महिनाभर बसूनही काही निघणार नाही. दुसरे, अंडी किती दिवसांची आहेत? आठवड्याच्या आतली असावीत. जितकी शिळी तितकी पिल्ले कमी. तिसरे, बदके कोणत्या जातीची? साध्या देशी किंवा खाकी बदकांची अंडी २८ दिवसांत फुटतात. पण चेहऱ्यावर तांबडे फोड असलेले भले मोठे बदक असते, मस्कोव्ही, त्याची अंडी सुमारे ३५ दिवस घेतात. हे ठाऊक नसेल तर माणूस तिसाव्या दिवशी कंटाळून चांगली अंडी उकिरड्यावर टाकतो.

अंडी प्रवास करून आली आहेत, तर ती एक दिवस रुंद टोक वर करून थंड जागी स्वस्थ राहू द्या. धुऊ नका. बदके चिखलात अंडी घालतात म्हणून ती मळकी असतात, आणि आपल्या बायकांना मळके काही पाहवत नाही. पण ओले केले की कवचाच्या बारीक छिद्रांतून घाण आत जाते. कोरड्या फडक्याने पुसता येईल तेवढे पुसा. फारच माखलेले किंवा चरा गेलेले अंडे भाजीत घाला.

दहाच्या दहा ठेवू नका. कोंबडीच्या अंड्यापेक्षा बदकाचे मोठे. आपली गावठी कोंबडी स्वतःची बारा-पंधरा अंडी झाकते, पण बदकाची सात-आठच तिच्या पोटाखाली नीट मावतात. कोंबडी अंगाने थोराड असेल तर नऊ. एखादे जास्त ठेवले तर ते कडेला उघडे पडते, कोंबडी ते आत ओढते, दुसरे बाहेर ढकलते, आणि पाळीपाळीने सगळीच गार होतात. दहाव्या अंड्याच्या लोभात पाच जातात.

कोंबडी निवडताना एक पाहा. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, तेवढी तिची सवय. बदकाच्या अंड्यांसाठी तिला आणखी आठवडा बसावे लागणार. म्हणून जी आठ-दहा दिवसांपासून खुडूक होऊन बसली आहे तिला हे काम देऊ नका, ती शेवटी उठून जाईल. नुकतीच खुडूक झालेली, आधी पिल्ले काढलेली, शांत स्वभावाची कोंबडी घ्या. बसवण्याआधी तिच्या पिसांत राख चोळा, म्हणजे उवा-गोचिडांचा त्रास कमी होतो. पूर्वी याला बीएचसी पावडर लावायचे. त्या पावडरीवर १९९७ पासून देशात बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा असला तर तो कोंबडीला काय, कशालाच वापरू नका.

टोपलीत तळाला चार बोटे ओलसर माती घाला, मध्ये थोडा खळगा करा, वर मऊ तणस पसरा. माती यासाठी की बदकाच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्यापेक्षा ओलावा जास्त लागतो. बदकीण पोहून ओल्या अंगाने अंड्यांवर येऊन बसते, तो ओलावा अंड्यांना आपोआप मिळतो. कोंबडी पाण्याच्या जवळही जात नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून रोज, कोंबडी चरायला उठली की, अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करा. हाताची बोटे पाण्यात बुडवून झटकली एवढे पुरे. न्हाऊ घालू नका. हे पाणी विसरले तर आतले पापुद्रे सुकतात आणि पूर्ण वाढलेले पिल्लू कवचातच अडकून मरते.

बदकाचे जड अंडे काही कोंबड्यांना फिरवता येत नाही. प्रत्येक अंड्यावर कोळशाने एका बाजूला फुली मारा. सकाळी फुली वर दिसली आणि संध्याकाळीही त्याच जागी दिसली, तर कोंबडी फिरवत नाही असे समजा आणि दिवसातून दोन-तीनदा तुम्हीच अंडी पालटा. पंचविसाव्या दिवसापासून हात लावू नका. कोंबडीला मात्र रोज एकदा उठवायचे, दाणे आणि पाणी द्यायचे, विष्ठा बाहेर करू द्यायची. वीस मिनिटांत ती परत येते. काही कोंबड्या इतक्या निष्ठेच्या असतात की उठवल्या नाहीत तर उपाशी बसून वाळतात.

आठव्या रात्री अंडी तपासा. पूर्वी हे कंदिलापुढे करायचे, आता प्रत्येक घरात मोबाइलची बॅटरी आहे. अंधाऱ्या खोलीत अंड्याचे रुंद टोक बॅटरीवर टेका. आत एक ठिपका आणि त्यातून निघालेल्या तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर पिल्लू धरले आहे. अंडे नुसते स्वच्छ उजळले तर ते फळलेले नाही. आत तांबडे-काळे कडे दिसले तर पिल्लू सुरू होऊन मेले. अशी अंडी काढून टाका. बदकाचे सडके अंडे टोपलीत फुटले तर त्या घाणीने शेजारची चांगलीही जातात, आणि घरात दोन दिवस उभे राहवत नाही ते वेगळेच.

सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी कवचाला टिचका पडतो. इथे घरोघरी एकच चूक होते. कोंबडीचे पिल्लू टिचका पाडल्यावर बहुधा दिवसाभरात बाहेर येते, बदकाच्या पिल्लाला दीड-दोन दिवसही लागतात. सकाळी भोक दिसते, संध्याकाळपर्यंत तेवढेच असते, आणि घरातल्या कोणाचे तरी मन कळवळते. मग नखाने कवच सोलले जाते. आतल्या पापुद्र्यात तेव्हा रक्त वाहत असते, आणि अंड्यातला पिवळा बलकही पिल्लाच्या पोटात पुरता ओढला गेलेला नसतो. सोललेले पिल्लू बहुतेक वेळा मरते. ते आत दमून पडलेले नसते, तयारी करत असते. थांबा. हवा फार कोरडी असेल तर कोमट पाण्याचे दोन शिंतोडे द्या आणि मुलांना टोपलीपासून लांब ठेवा.

पिल्ले निघाली. पहिला दिवस त्यांना खायला काही नको, पोटातल्या बलकावर ती राहतात. अंग सुकून लव फुलली की कोंबडीसकट त्यांना कोरड्या, वाऱ्याआडच्या जागी डालग्याखाली ठेवा. निदान आठवडाभर कोंबडी मोकळी सोडू नका. ती पिल्लांना घेऊन परसात उकरायला निघते, आणि ही पिल्ले पहिले डबके दिसताच तिला सोडून जातात.

जानेवारीत अंडी बसवली तर पिल्ले फेब्रुवारीत निघतील. दिवसा ऊन असते, पण आपल्याकडच्या रात्री तेव्हाही गार असतात. कोंबडी सगळ्यांना पंखाखाली घेत असेल तर दुसरी ऊब नको. तिने टोचून दूर केली, किंवा पिल्ले जास्त झाली, तर खोक्यात बल्ब टांगा. मात्र बल्ब जुना, तारेचा, पिवळ्या उजेडाचा हवा. हल्लीचा एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. एका घरी रात्रभर खोक्यात झगझगीत दिवा होता आणि पिल्ले गारठून एकावर एक चढली होती. साठ वॅटचा एक बल्ब दहा-बारा पिल्लांना पुरतो. किती उंच टांगायचा ते पिल्ले सांगतात. बल्बाखाली गर्दी करून चिवचिवत असतील तर खाली घ्या, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर वर घ्या, सगळीकडे पसरून निजली असतील तर ठीक आहे. तणसाला बल्ब टेकू देऊ नका, आग लागते. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवा. दर आठवड्याला ऊब थोडी कमी करत तीन-चार आठवड्यांत बंद करा.

खाली पहिले चार दिवस गोणपाट अंथरा. वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात. धानाचे तूस सुरुवातीलाच टाकले तर पिल्ले तेच खातात. खायची वस्तू ओळखू लागली की तूस टाका आणि ओले झालेले रोज काढा. रोज म्हणजे रोज. कोंबडीची पिल्ले पाळलेल्यांना याचा अंदाज नसतो. बदकाची पिल्ले पाणी चोचीत घेऊन सगळीकडे उडवतात, आणि ओल्या बिछान्यावर राहिली तर पाण्यात न जाताही गारठतात.

आता पिण्याचे पाणी. कोंबडीच्या पिल्लाला उथळ झाकणात पाणी चालते, बदकाच्या पिल्लाला चालत नाही. त्याला पूर्ण चोच नाकपुड्यांसकट बुडवता आली पाहिजे, कारण ओले खाद्य नाकपुडीत जाऊन बसते आणि ते पाण्यातच धुतले जाते. पण भांडे इतके मोकळेही नको की पिल्लू आत जाऊन बसेल. जुन्या कढईत किंवा खोलगट ताटलीत मधोमध मोठे गोटे ठेवा, कडेने चोच बुडेल एवढी फट राहू द्या. आणि एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, खाद्य आहे तिथे पाणी पाहिजे, पाणी संपले असेल तर खाद्य उचला. कोरडे खाद्य पाण्यावाचून घशात अडकते.

खायला काय द्यावे? धानपट्ट्यात याची अडचण नाही. शिजवलेली कणी, ताजा कोंडा, भरडलेला गहू, सुक्या मासळीचा चुरा, चिरलेला शेवग्याचा पाला, मिळतील तशी गांडुळे, वाळवी. पाण्यात कालवून मऊ करा आणि दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्या. उरलेले आंबते, ते टाकून द्या. नुसत्या कणीवर ठेवू नका. वाढत्या पिल्लाला मासळी किंवा किड्यांसारखे कसदार खाणे हवेच, आणि कोंडाही हवा. त्यात नायसिन नावाचे जीवनसत्त्व असते, ते बदकाला कोंबडीपेक्षा जास्त लागते. ते कमी पडले तर पाय वाकडे होतात, गुडघे सुजतात, पिल्लू बसूनच राहते. दुकानातून कोंबडीच्या पिल्लांचे तयार खाद्य आणणार असाल तर औषध न मिसळलेले मागा.

ढेपेबद्दल मात्र जरा थांबून सांगतो. गाई-म्हशींसाठी घरात शेंगदाण्याची ढेप असते. कसदार असते म्हणून तिचा चुरा पिल्लांना घालायचा मोह होतो. ढेपेला किंवा मक्याला ओल लागली की एक हिरवट-पिवळी बुरशी येते, आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष सोडते. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाचे मोठे पक्षी लाखाच्या घरात मेले. रोग कोणता ते आधी कोणाला कळेना. शेवटी कारण सापडले ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत. त्याच पेंडीने बदकाची पिल्लेही मेली होती, आणि पुढे हे विष ओळखायला शास्त्रज्ञ बदकाचीच पिल्ले वापरू लागले, इतके ते पिल्लू या विषाला हळवे. कोंबडीच्या पिल्लाला जेवढे पचते तेवढ्याने बदकाचे पिल्लू मरते. हे विष उन्हात वाळवून जात नाही, शिजवूनही जात नाही. बुरशी झटकली तरी आत उतरलेले राहते. म्हणून पिल्लांना ढेप घालूच नका. जवसाची आणि सरकीचीही नको. कणी, मका, कोंडा, काहीही असो, कुबट वास आला की ते खाद्य नव्हे.

आणि ते माणसांनीही खाऊ नये. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी भागात अवकाळी पावसाने मका भिजला, बुरशी आली, आणि तो खाऊन शंभराहून जास्त माणसे गेली. घरात बुरशीचा दाणा निघाला की "कोंबड्यांना टाक" म्हणायची आपली सवय आहे. ती सोडावी लागेल.

आता पोहणे. माझ्या चुकीनंतर एक वर्षाने, २००० साली, त्याच आजींनी पुन्हा अंडी बसवली. आठ पिल्ले निघाली. मी भीतभीतच चौकशीला गेलो आणि विचारले, "आजी, बोडीवर कधी सोडणार?" आजींनी एक पिल्लू उचलून माझ्यापुढे उताणे धरले. छातीवर पिसे आली होती, पोटावर अजून लव होती. म्हणाल्या, "आता मी तुमाले नाही इचारत, पिल्लाच्या पोटाले इचारतो."

यापेक्षा चांगली परीक्षा मला आजवर सापडलेली नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात छाती आणि पोट पिसांनी भरते. हात फिरवला की लव लागत नाही, गुळगुळीत पीस लागते. मग पाण्यात सोडायला हरकत नाही. तोवर पोहायला न मिळाल्याने बदकाचे काही बिघडत नाही. तीन आठवड्यांनंतर, भर उन्हाच्या वेळी, परातीत दोन बोटे कोमट पाणी घालून दहा मिनिटे खेळू द्यायला हरकत नाही, पण तुम्ही तिथे बसून राहा आणि नंतर उन्हात सुकवून आत घ्या. आजींची आठपैकी सात जगली. एक मुंगसाने नेले.

मुंगूस, रानमांजर, कुत्रे यांच्यासाठी रात्रीचे खुराडे पक्के हवे. बदक कोंबडीसारखे झाडावर चढून बसत नाही. रात्री जमिनीवरच असते, म्हणून पहिला घाव त्याच्यावर पडतो. खुराडे कोरडे आणि हवेशीर असावे. बदके अंडी पहाटे घालतात, तेव्हा सकाळी आठ-नऊच्या आधी सोडू नका, नाहीतर अंडी तळ्यात जातात. तुमची पिल्ले फेब्रुवारीत निघाली तर जुलै-ऑगस्टच्या सुमारास अंड्यावर येतील. तेव्हा बांधीत रोवणी होऊन धान रुजलेले असते, त्यात बदके सोडली तर गोगलगायी, किडे, कोवळे तण खातात. ज्या गोगलगायींमधून गुरांच्या काळजातला चपटा कृमी पसरतो त्याही ती खातात, हा वरचा फायदा. धान निसवायला लागले की बाहेर काढा, लोंबी त्यांना आवडते. आणि दाणेदार कीटकनाशक टाकलेल्या किंवा फवारलेल्या बांधीत तर मुळीच सोडू नका. शेजाऱ्याचे पाणी तुमच्या बांधीत उतरत असेल तर त्यालाही विचारा.

रोग कोंबडीपेक्षा कमी, पण आहेत. बदकांचा प्लेग आठवड्यात कळप रिकामा करतो. त्याची लस आठ ते बारा आठवड्यांच्या वयात टोचतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच नाव देऊन ठेवा, चार-सहा घरांची बदके मिळून एकदम टोचून घेता येतात. दुसरे बर्ड फ्लूचे. २००६ साली नवापूरला कोंबड्यांत तो निघाला, २०१४ साली केरळात कुट्टनाडच्या बदकांत निघाला. हिवाळ्यात मामा तलावांवर दूरदेशीची रानबदके उतरतात. त्या दिवसांत आपली बदके तलावावर न सोडता घरच्या बोडीत ठेवा. एकाएकी दोन-चार मेली तर हात न लावता, न कापता डॉक्टरांना कळवा.

अंडी विकण्याचे आताच मनात आणू नका असे मी म्हणणार नाही, आजींनी आणले होते आणि पुढे नातवाच्या वह्या त्यातून झाल्याही. पण बाजारात आधी चौकशी करा. बंगालात, केरळात बदकाचे अंडे लोक मागून घेतात. आपल्याकडे काही गावांत आवडीने खातात, काही गावांत वास येतो म्हणून नाक मुरडतात. खाकी कॅम्पबेल वर्षाला तीनशेपर्यंत अंडी देते हे खरे, पण ते पोटभर कसदार खाद्यावर. परसातल्या देशी बदकाकडून तेवढ्याची आशा धरू नका. पहिल्या वर्षी घरच्या ताटापुरते पाहा.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी कोंबडी ज्या रात्री बसवली ती तारीख दिनदर्शिकेवर लिहावी आणि तिथून २८ दिवस मोजून दुसरी खूण करावी. कोंबडी शक्यतो अंधार पडल्यावरच बसवा, नवी अंडी ती मुकाट्याने पोटाखाली घेते. आणि पुढे मला दोन ओळी टाका. किती अंडी बसवली, किती फुटली आणि सहाव्या आठवड्याला किती पिल्ले उरली, तिन्ही आकडे लिहा. कमी असले तरी लिहा.